व्हर्च्युअल मशीन हाताळणारी लायब्ररी लिहायला घेताना

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: क्लाउडमध्ये काम मिळवायचं तर कुठलं सर्टिफिकेट करू? मी त्यांना आधी एक काम देतो. आपल्याच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे संगणक, उभी करा आणि ती चालू-बंद करणारी, त्यांची अवस्था सांगणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा फंक्शनांचा संच, स्वतः लिहा. मी भुसावळला घरून याच थरातलं काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो.

सामान फार लागत नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलेलं असलं की पुरे. व्हर्च्युअल मशीन चालवणारी केव्हीएम ही सोय 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. तिच्यासोबत मशीनचं हार्डवेअर भासवणारं क्यूईएमयू आणि या सगळ्याला हुकूम देणारी लिबव्हर्ट ही लायब्ररी टाका. लिबव्हर्ट डॅनियल व्हेइयार्ड यांनी 2005 च्या सुमारास रेड हॅटमध्ये सुरू केली, तेव्हा ती झेन या एकाच हायपरव्हायझरपुरती, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरपुरती होती. आज वेगवेगळ्या हायपरव्हायझरना एकाच पद्धतीने हुकूम देता येतात ते तिच्यामुळे. तुम्ही तिच्यावर पायथनचा एक पातळ थर लिहायचा आहे. कॉलेजच्या लॅबमधला संगणक फारच जुना असेल तरी अडत नाही, कारण लिबव्हर्टमध्ये टेस्ट ड्रायव्हर नावाचा एक नकली हायपरव्हायझर आहे. तो खरं मशीन न चालवता मशीन असल्यासारखी उत्तरं देतो.

आता खरी गोष्ट. अमळनेरच्या एका मुलाने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मशीन बंद करणारं फंक्शन लिहिलं होतं. पुढच्याच ओळीत तो त्या मशीनची डिस्क फाइल काढून टाकायचा. 'दादा, फंक्शन यशस्वी म्हणतंय, मग मशीन अजून चालू कसं?' त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. लिबव्हर्टचं शटडाउन सहसा मशीनचं पॉवर बटण दाबल्याचा इशारा आत पाठवतं, आणि तो पोहोचला की परत येतं. बंद व्हायचं की नाही, कधी व्हायचं, हे आतली ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती एखादी फाइल लिहीत असेल तर वेळ घेईल, अडकली असेल तर ऐकणारच नाही.

म्हणून तुमच्या लायब्ररीत तीन वेगळी फंक्शनं हवीत. एक, बंद व्हायला सांगणारं. दुसरं, ठरावीक वेळेपर्यंत वाट पाहणारं. तिसरं, सरळ वीज तोडल्यासारखं बंद करणारं, ज्याला लिबव्हर्टमध्ये डिस्ट्रॉय म्हणतात. ही तिन्ही एकात कोंबली, तर वापरणाऱ्याला कळायचंच नाही की आपला डेटा नीट लिहिला गेला की मध्येच तुटला. वाट पाहतानाही क्रम सांभाळा. आधी इव्हेंटसाठी, म्हणजे मशीनची अवस्था बदलली की लिबव्हर्ट देते त्या सूचनेसाठी, नाव नोंदवा, मग बंद व्हायची विनंती पाठवा. उलटं केलंत तर मशीन मधल्या क्षणात बंद होतं, इव्हेंट निघून जातो, आणि तुमचा प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे वीज जाते, डेस्कटॉप धाडकन बंद पडतो. पुन्हा चालू केल्यावर काही मशीन यादीत दिसतात, काही पार गायब. जी आधी डिफाइन केलेली होती त्यांची व्याख्या डिस्कवर राहते. जी व्याख्या न नोंदवता थेट क्रिएट केली ती फक्त चालू असेपर्यंतच असतात. हाच भेद मेमरी वाढवतानाही येतो. बदल आत्ता चालू असलेल्या मशीनवर करायचा, पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हासाठी करायचा, की दोन्हीकडे? हे वापरणाऱ्याला स्पष्ट विचारा, आपल्या मनाने ठरवू नका. आणि मशीन लक्षात ठेवायला यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक मशीनची न बदलणारी वेगळी ओळख, वापरा. आयडी क्रमांक मशीन चालू असेपर्यंतच टिकतो, आणि नाव तर कुणीही बदलू शकतं.

लिबव्हर्टच्या घडणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी शिकवण फ्लॅग्जची, म्हणजे फंक्शनला जादा पर्याय सांगणाऱ्या खुणांची. सुरुवातीच्या डिस्ट्रॉय, शटडाउन अशा फंक्शनांमध्ये जादा पर्यायांसाठी जागाच नव्हती. जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा शब्द दिलेला, म्हणून नंतर त्याच कामाची फ्लॅग्जवाली जोडफंक्शनं द्यावी लागली. तुम्ही पहिल्या दिवसापासून ती जागा ठेवा, आणि ओळखीचा नसलेला फ्लॅग आला तर सरळ एरर द्या. तो मुकाट्याने गिळलात, तर उद्या त्याला अर्थ देता येणार नाही, कारण कुणीतरी तो आधीच भलत्या कारणाने पाठवत असेल.

एररही नीट वेगळे करा. 'असं मशीन नाही' आणि 'कनेक्शन तुटलं' यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या वेळी काम झालं की नाही हेच तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे पुन्हा जोडून आधी अवस्था विचारावी लागते.

फंक्शनांची नावं इंग्रजीत ठेवा, पण प्रत्येक फंक्शन काय करतं ते मित्राला अहिराणीत किंवा घरी जे बोलता त्यात एका वाक्यात सांगून पाहा. वाक्यात 'आणि मग' आलं, की समजा ते दोन कामं करतंय. पुण्यातल्या मुलाखतीत भाषेचं दडपण घेणाऱ्या मुलांनाही मी हेच करायला लावतो. डिझाइन असं बोलून पक्कं झालं की इंग्रजीत सांगताना धडपड कमी होते.

टेस्ट लिहिताना एक ध्यानात ठेवा. टेस्ट ड्रायव्हरमधलं मशीन सांगितल्याबरोबर बंद होतं, त्यामुळे वेळेच्या चुका तिथे दिसत नाहीत. त्यासाठी खऱ्या केव्हीएमवर कोरी डिस्क जोडून एक मशीन सुरू करा. आत ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, तेव्हा शटडाउन यशस्वी म्हणेल आणि मशीन तसंच चालू राहील. तुमचं वाट पाहणारं फंक्शन दिलेल्या वेळेला परत आलं, आणि 'मशीन अजून चालू आहे' असं त्याने स्वच्छ सांगितलं, तर मग ही लायब्ररी बायोडेटात खुशाल लिहा.