थंड समुद्रातले मासे आणि उत्क्रांती : शिकवताना या चुका टाळा

अंटार्क्टिकाभोवतीचं समुद्राचं पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. बहुतेक सागरी माशांचं रक्त उणे 0.7 च्या आसपासच गोठू लागतं. तरी नोटोथेनिऑइड गटातले मासे तिथे बर्फाला खेटून जगतात, कारण त्यांच्या रक्तात बर्फरोधक ग्लायकोप्रथिनं (साखरेचे रेणू जोडलेली प्रथिनं) असतात. शास्त्रज्ञ आर्थर डिव्रीज यांनी ती 1960 च्या दशकात शोधली. जनुकातला बदल आणि त्याचा फायदा इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत. दुर्दैवाने वर्गात त्याचा क्रमच उलटा होतो.

"थंडी वाढली म्हणून माशांनी प्रथिन तयार केलं" हे वाक्य फळ्यावर येऊ देऊ नका. वहीत उतरलं की ते डोक्यातून काढणं अवघड. आधी बदल, मग निवड. ट्रिप्सिनोजेन या स्वादुपिंडातल्या पाचक प्रथिनाच्या जनुकाची जादा प्रत झाली आणि त्यातल्या डीएनएच्या नऊ अक्षरांच्या तुकड्याची पुन्हा पुन्हा नक्कल होत गेली. त्यातून बर्फरोधक प्रथिनाचं जनुक बनलं. या बदलांना थंडीने बोलावलं नव्हतं. ज्या माशांकडे ते होते, ते गोठले नाहीत आणि त्यांची पिढी पुढे गेली.

हे कागदी पट्टीवर करून घ्या. प्रत्येक गटाला एसीए-जीसीए-जीसीए ही नऊ अक्षरं द्या आणि सलग तीनदा लिहायला सांगा. कोडॉन तक्त्यावरून (तीन-तीन अक्षरांना कोणतं अमिनो आम्ल, ते सांगणारा तक्ता) थ्रिओनिन-ॲलानिन-ॲलानिन असं तीनदा येईल. एखादा गट शेवटचं अक्षर गाळून आठच अक्षरांची नक्कल करतो. मग वाचन असं निघतं : थ्रिओनिन, ॲलानिन, ॲलानिन, ग्लुटामिन, ग्लुटामिन, हिस्टिडिन, सेरिन, सेरिन. ही पट्टी फेकू नका, बरोबर असलेल्या पट्टीशेजारी लावा. नऊला तीनने भाग जातो, आठला जात नाही, म्हणून वाचनाची चौकट सरकली. नक्कल नऊचीच का टिकली, हे मुलांना इथे दिसतं.

माशाचं रक्त आणि समुद्राचं पाणी किती अंशांना गोठतं, हे मिठाच्या पाण्याने दाखवणाऱ्या प्रयोगात सर्वाधिक गोंधळ होतो. माशाच्या रक्तासाठी लिटरभर पाण्यात 12 ग्रॅम मीठ, समुद्रासाठी 965 ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम. परीक्षानळीत 10 मिली द्रावण घ्या आणि ती तीन भाग बर्फाचा चुरा व एक भाग मीठ यांच्या मिश्रणात ठेवा. तापमापी 0.1 अंश दाखवणारा हवा. एक-एक अंशाच्या खुणांवर फरक कळत नाही. द्रावण बऱ्याचदा गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतं, मग एकदम गोठतं आणि पारा वर उडी मारतो. मुलं सर्वात खालचा आकडा लिहितात. तो गोठणबिंदू नव्हे. उडीनंतर पारा जिथे थबकतो, तो आकडा घ्या. मोठी उडी नको असेल तर रक्ताच्या नळीत उणे 1 ला आणि समुद्राच्या नळीत उणे 2.5 ला बर्फाचा बारीक कण टाका. कॅनडातल्या लॅब्रडॉरच्या हेब्रन फ्योर्डमधले (समुद्राच्या अरुंद खाडीतले) खोल पाण्यातले मासेही असेच अतिशीत अवस्थेत, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठता, जगतात; बर्फाचा स्पर्श झाला की गोठतात.

याच प्रयोगातून दुसरा गैरसमज शिरतो : बर्फरोधक प्रथिन मिठासारखंच काम करतं. मिठाचा परिणाम पाण्यात विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रथिन मात्र सूक्ष्म बर्फस्फटिकाला चिकटून त्याची वाढ अडवतं. त्यामुळे गोठणबिंदू खाली जातो, वितळणबिंदू जवळपास तसाच राहतो.

आइसफिश (रक्तात हिमोग्लोबिन नसलेले नोटोथेनिऑइड मासे) दाखवताना "हिमोग्लोबिन गमावणं हे अनुकूलन" असं सरसकट सांगू नका. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता तांबड्या रक्ताच्या नातलग माशांच्या दहाव्या भागाहून कमी असते. ती तूट मोठं हृदय आणि जास्त रक्त भरून काढतं. थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून हा तोटा निभावला. हिमोग्लोबिनचं जनुक तुटल्याच्या खुणा त्यांच्या डीएनएत अजून आहेत.

उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक कॉड माशाचं बर्फरोधक प्रथिनही जवळजवळ असंच आहे, पण त्याचं जनुक प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून आलं. वंशवृक्षावर ते नोटोथेनिऑइडच्या फांदीला जोडू नका. वेगळ्या फांदीवर दाखवा आणि दोन्हीकडे "बर्फरोधक" अशी स्वतंत्र खूण करा.