फिल्टरच्या हाउसिंगमधलं ऑइल काढताना या चुका टाळा

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यापासून ओळखीतल्या किती जणांच्या टोयोटाखाली मी आडवा झालो असेन, त्याचा हिशोब ठेवलेला नाही. शनिवारी दुपारी फोन येतो, "दादा, ऑइल बदललं, पण गाडीखाली ठिपके दिसतायत." मी फडकं आणि टॉर्च घेऊन जातो, आणि दहातल्या आठ वेळा घोळ एकाच जागी सापडतो, फिल्टर ज्या कोठीत बसतो त्या हाउसिंगमध्ये. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट सगळ्यांना नीट जमतो. हाउसिंगशी पोचेपर्यंत मात्र काम संपल्यासारखं वाटायला लागतं, आणि तिथे घाई होते.

मी बोलतोय ते २००९ ते २०१३ च्या १.८ लिटर कोरोलाबद्दल, कारण माझी गाडी तीच आहे आणि आपल्या मंडळींकडेही तीच भरपूर. भारतात आपण मारुतीचे वगैरे फिल्टर पाहिलेले असतात, पत्र्याचा डबा, जुना फिरवून काढायचा आणि नवा लावायचा. या इंजिनात तसं नाही. इथे खाली तोंड केलेलं एक झाकण असतं, त्यात कागदाचा फिल्टर बसतो, आणि झाकणाच्या मधोमध आणखी एक छोटा प्लग. बदलायचं ते फक्त आतला कागद आणि ऑइल गळू नये म्हणून लावलेल्या दोन रबरी रिंगा, मोठी झाकणाची आणि छोटी प्लगची. झाकण आयुष्यभर तेच राहतं, म्हणून त्याला जपायचं.

पहिली चूक: छोटा प्लग न उघडता थेट झाकणच फिरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. व्हिडिओ बघून लोक सांगतात, "तो प्लग कशाला, झाकण काढलं की ऑइल येतंच की खाली." येतं ना. पण कुठून येतं? झाकणाच्या सगळ्या कडेनं, एकदम, आणि तुमचा हात बरोबर त्याखाली असतो. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ जातो, उरलेलं खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणात साचतं आणि पुढचे चार दिवस थेंबथेंब गळत राहतं. मग खरी गळती कुठली आणि हे सांडलेलं कुठलं, ते कळायला मार्ग राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी निम्मे या सांडलेल्या ऑइलचेच असतात.

कंपनीनं त्या प्लगची सोय विचार करून केलीय. ३/८ इंचाच्या रॅचेटची चौकोनी दांडी त्यात थेट बसते, वेगळी गोटी (सॉकेट) लागत नाही. प्लग काढला की लगेच धार लागत नाही, कारण आत स्प्रिंगवर बसलेली एक झडप असते. ती उघडायला फिल्टरच्या खोक्यात प्लॅस्टिकची एक छोटी नळी मिळते. ती भोकात घालून वर दाबली की झडप उचलली जाते आणि हाउसिंगमधलं ऑइल नळीतून सरळ खाली येतं. नळीच्या खालच्या टोकाला १५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा रबरी पाइप लावला तर ऑइल नेमकं तसराळ्यात पडतं, उडत नाही. मी असा वीतभर पाइप हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवलाय आणि दर वेळी तोच वापरतो.

ती नळी पॅकिंगचा तुकडा समजून कचऱ्यात टाकणारे कमी नाहीत. मी सांगतो की टाकू नका, धुऊन पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी स्वस्तातला फिल्टर आणलात आणि त्यात नळी निघाली नाही, तर हीच कामाला येते.

प्लग सैल करताना कधीकधी तो जागेवरच राहतो आणि अख्खं झाकण फिरायला लागतं. अशा वेळी झाकणाला पाना लावून एका हातानं ते धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं प्लग सोडवा. पाना ६४ मिलिमीटरचा, १४ खाचांचा, वाटीसारखा. तीन नख्यांचे किंवा पट्ट्याचे सार्वत्रिक पाने मी कुणाच्याही झाकणाला लावू देत नाही. ते घसरतात, खाचा खातात, आणि झाकण प्लॅस्टिकचं असेल तर चिरही पडते. वाटी फार महाग नसते, एकदा घेतली की झालं.

आता प्रश्न येतो की एवढ्यानं किती ऑइल निघतं? या इंजिनात फिल्टरसकट ४.२ लिटर ऑइल बसतं आणि फिल्टर सोडून ३.९. म्हणजे हाउसिंगमधलं साधारण ३०० मिलिलिटर, चहाचे तीन कप भरतील एवढं. हे तीन कप काळं ऑइल हातावर घ्यायचं की पाइपातून तसराळ्यात सोडायचं, एवढाच निर्णय आहे. आणि नळी घालून पाच मिनिटं थांबायला काहीच हरकत नाही. घाई असेल तर ऑइल बदलायचा दिवस दुसरा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक: मोठी रिंग चुकीच्या जागी बसवणं

हिच्यामुळे मी एक इंजिन अगदी थोडक्यात वाचलेलं पाहिलंय.

नाशिकचा एक मुलगा, नवी नोकरी, जुनी घेतलेली २०१२ ची कोरोला. माझ्या शेजारी उभं राहून त्यानं एकदा सगळं पाहिलं होतं आणि पुढच्या वेळी एकट्यानं करायचं ठरवलं. मला त्याचं कौतुकच वाटलं. सगळं व्यवस्थित केलं, ठरवलेला जोर लागला की टक आवाज देणारा टॉर्क पानासुद्धा विकत आणला. गाडी सुरू केली, ऑइलचा दिवा विझला, खाली बघितलं तर कोरडं. मग ओक ट्री रोडला किराणा आणायला गेला. परत येताना सिग्नलला थांबला असता मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून खाली हात दाखवला. रस्त्यावर काळी रेघ उमटत होती. पोरानं शहाणपणा केला, तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि मला फोन लावला.

मी पोचलो तेव्हा डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. गाडीखाली शिरून टॉर्च मारला. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये नखाएवढी फट, आणि तिथून रिंगचा काळा चकचकीत काठ बाहेर डोकावत होता, एका जागी चिरलेला.

झालं होतं असं. झाकणावर रिंगसाठी एक ठरलेली खाच असते. पत्र्याच्या डब्याच्या फिल्टरची सवय असलेला माणूस रिंग झाकणाच्या कडेला, पार तळाशी टेकवतो, कारण डब्याचं रबर तोंडाच्या कडेलाच असतं. यानंही तेच केलं. मग झाकण चढवून २५ न्यूटन-मीटर एवढ्या ठरलेल्या जोराला पाना लावला. पान्यानं टक आवाज दिला आणि याला वाटलं की काम फत्ते. पण तो जोर रिंग चेपण्यात गेला होता, झाकण जागेवर बसलंच नव्हतं. थंड इंजिनात पहिली काही मिनिटं त्या चेपलेल्या रबरानं कशीबशी तग धरली, मग दाबानं ते बाहेर ढकललं गेलं.

टॉर्क पान्याचा आवाज फक्त जोर किती लागला ते सांगतो, वस्तू नीट बसली की नाही ते सांगत नाही. म्हणून पाना बाजूला ठेवल्यावर मी झाकणाच्या भोवती नख फिरवतो. झाकण इंजिनला सगळीकडून टेकलेलं असलं पाहिजे. नख कुठेही आत जायला नको.

माझी पद्धत अशी. जुनी रिंग काढण्याआधी फोनवर तिचा फोटो काढतो. मग ती लाकडी काडीनं उचलतो. स्क्रू ड्रायव्हर नाही, कारण त्याचा ओरखडा खाचेत पडला की नवी रिंगही तिथून गळते. खाच फडक्यानं पुसतो, नव्या रिंगला बोटानं ताजं ऑइल लावतो, बसवतो आणि फोटोशी ताडून बघतो. झाकण चढवताना पहिले आटे निव्वळ हातानं. अडकल्यासारखं वाटलं तर उलटं फिरवून पुन्हा सुरुवात. आटे गेले तर झाकणावर भागत नाही, इंजिनच्या बाजूचा खर्च उभा राहतो.

त्या दिवशी आम्ही माझ्या पेटीतली जादा रिंग लावली, दीड क्वार्टच्या (सुमारे १.४ लिटर) आसपास ऑइल ओतलं आणि गाडी घरी आणली. इंजिनला काही झालं नाही, कारण त्यानं ते वेळेत बंद केलं होतं. घरापर्यंत तशीच दामटली असती तर आज त्या गाडीची गोष्ट वेगळी असती.

छोट्या रिंगकडे दुर्लक्ष

फिल्टरच्या खोक्यात दोन रिंगा असतात. मोठी झाकणाची, छोटी प्लगची. प्लग काढताना जुनी छोटी रिंग बरेचदा त्याच्याबरोबर येत नाही, झाकणाच्या भोकात चिकटून राहते. वर ऑइल असतं, रंग काळ्यावर काळा, दिसत नाही. मग लोक प्लगला नवी रिंग चढवतात, आत दोन होतात आणि तिथून गळतं. म्हणून प्लग हातात आला की आधी त्यावर रिंग आहे का ते बघा. नसेल तर ती वर आहे, ऑइल निथळल्यावर शोधून काढा. जुनी रिंग हातात आल्याशिवाय मी नव्या रिंगची पुडी फोडत नाही. प्लगला १३ न्यूटन-मीटर पुरे. हा जोर अगदी कमी आहे, दोन बोटांनी रॅचेट धरा. दांडीवर वजन टाकणाऱ्यांनीच पुढच्या वेळेची प्लगची झटापट तयार करून ठेवलेली असते.

बाकीच्या चुका

चेंबरचा बोल्ट आणि हाउसिंग एकाच वेळी उघडे ठेवू नका. मी आधी चेंबर रिकामं करतो, नवा वायसर घालून बोल्ट ३७ न्यूटन-मीटरला आवळतो, आणि मगच फिल्टरला हात लावतो. बोल्ट लावायचा विसरून वरून नवं ऑइल ओतलेलं मी पाहिलंय.

इंजिन गरम असावं, भाजणारं नको. दहा मिनिटं चालवून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की बरोबर होतं.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. स्टँड किंवा रॅम्प हवेतच. यावर मी कुणाशी चर्चा करत नाही, स्टँड नसेल तर मी घरी परत जातो.

अख्खा कॅन ओतू नका. इथे ऑइलचा मोठा कॅन ५ क्वार्टचा, म्हणजे ४.७३ लिटरचा मिळतो. गाडीला लागतं ४.२. पूर्ण ओतलंत तर अर्धा लिटर जास्त होतं. आणि हाउसिंग रिकामं न करता नुसतं चेंबरचं ऑइल बदललं असेल तर लागतं फक्त ३.९, म्हणजे चूक आणखी वाढते. मी ४ लिटर ओतून थांबतो, इंजिन मिनिटभर चालवतो, बंद करून पाच मिनिटं वाट बघतो आणि मग डिपस्टिक. इंजिन चालू झालं की हाउसिंग भरतं, त्यामुळे पातळी थोडी उतरते. ते बघूनच उरलेलं घालायचं. सुरू करण्याआधीच्या डिपस्टिकवर विश्वास ठेवणारे नेमके इथे फसतात.

त्या पहिल्या मिनिटात गाडीत बसून राहू नका. कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बाजूला वाकून झाकणाकडे बघत राहा. घरात मोठं कुणीही असेल तर चालेल, फक्त गाडी पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. झाकणाच्या कडेला ओल दिसली की लगेच बंद करायला सांगायचं.

वापरलेलं ऑइल गटारात किंवा कचऱ्याच्या डब्यात नाही. रिकाम्या कॅनमध्ये भरून सुट्या भागांच्या दुकानात द्या, बरीच दुकानं ते फुकट घेतात. जुना फिल्टर रात्रभर चाळणीवर निथळत ठेवला तर त्यातूनही बरंच निघतं.

आणि गाडी जिथे उभी करता तिथे रात्री पुठ्ठा टाका. सकाळी कामावर जाण्याआधी तो ओढून बघा. कोरडा असेल तर ओडोमीटरचा आकडा आणि तारीख लिहून ठेवा. ठिपका असेल तर तो पुठ्ठ्यावर नेमका कुठे पडलाय ते खूण करून मला फोन करा, म्हणजे मी येताना कुठली रिंग आणायची ते मला कळेल.