स्कॉटिश पूर्वज शोधायचेत? मग आज्या-पणज्यांच्या माहेरच्या आडनावांपासून सुरुवात करा

स्कॉटलंडमधली मुळं शोधायची म्हटलं की बहुतेक लोक आधी आडनाव गूगल करतात, मग त्या आडनावाचा क्लॅन म्हणजे कुळ सापडतं, टार्टन म्हणजे त्या कुळाचं चौकड्यांचं कापड सापडतं, एखादा पडका किल्ला सापडतो आणि तिथेच सगळं थांबतं. माझं म्हणणं, ते सगळं बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर वही घेऊन बसा. मी लग्न करून स्कॉटिश घरात आले, सासरच्यांचा हा शोध हळूहळू माझ्याकडे आला आणि आता मुलांसाठी म्हणून मी तो फार जीव लावून करते, त्यामुळे खाली लिहितेय ते सगळं वापरातलं आहे.

विचारायचं काय, तर आजीचं माहेरचं आडनाव, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, लग्न कुठल्या गावात झालं, कुठल्या चर्चला जायचे, कोण खाणीत होतं, कोण जहाजावर. तारखा दोन-चार वर्षं इकडेतिकडे झाल्या तरी निभतं, पण बायकांची नावं नीट लिहून घ्या. कारण स्कॉटलंडच्या कागदांमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव टिकून राहतं, मृत्यूच्या नोंदीत असतं, मुलांच्या जन्मनोंदीत असतं, इतकंच काय थडग्याच्या दगडावरसुद्धा बऱ्याचदा तेच कोरलेलं असतं. जॉन स्मिथ नावाचे हजार लोक सापडतील, पण ज्याची आई ऑकिन्क्लॉस आहे असा जॉन स्मिथ बहुधा एखादाच निघेल.

क्लॅनबद्दल थोडं बोलून पुढे जाते. आडनाव मॅकडॉनल्ड आहे म्हणजे तुम्ही त्या सरदाराच्या रक्ताचे असं अजिबात नाही, त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आश्रयाला असणाऱ्या कित्येकांनी ते नाव घेतलं. उलटही झालं, १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नावच कायद्याने बंद केलं, लोकांनी जीव वाचवायला दुसरी आडनावं घेतली आणि ती बंदी शेवटची उठली १७७४ मध्ये, म्हणजे मॅकग्रेगर रक्ताची माणसं भलत्याच आडनावांखाली सापडतात. आणि दुकानात जे 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' विकतात ते घेऊ नका, स्कॉटलंडमध्ये असं चिन्ह एका माणसाच्या मालकीचं असतं, अख्ख्या आडनावाच्या नाही, आणि ते बघायला लॉर्ड लायन नावाचं कोर्ट आजही चालू आहे.

आता खरं काम. स्कॉटलंड्सपीपल ही नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची सरकारी साइट आहे, अकाउंट फुकट, इंडेक्समध्ये म्हणजे नावांच्या सूचीत शोधणंही फुकट, मूळ नोंदीची इमेज बघायला मात्र क्रेडिट विकत घ्यावी लागतात, एका सर्टिफिकेटला साधारण दीड पाउंड पडतात. म्हणून घाईने इमेज उघडत सुटू नका, आधी इंडेक्समध्ये गाव, वय, वर्ष जुळवून उमेदवार कमी करा. फॅमिलीसर्च ही दुसरी साइट पूर्ण फुकट आहे, तिथे जुन्या बाप्तिस्म्यांचे आणि लग्नांचे इंडेक्स आहेत, मी आधी तिथे चाळते आणि खात्री वाटली की मगच पैसे घालते. ऑनलाइन इमेजला मर्यादा आहे, जन्म १०० वर्षं जुना हवा, लग्न ७५ आणि मृत्यू ५०.

सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि इथून मागेपुढे दोन वेगळी जगं आहेत. १८५५ नंतरची सर्टिफिकेटं वाचताना खरंच हरखून जायला होतं. लग्नाच्या एका कागदावर नवरा-नवरी दोघांचे आईवडील, दोन्ही आयांची माहेरची आडनावं, वडिलांचे धंदे, कोण वारलंय कोण हयात आहे, सगळं असतं. मृत्यूच्या कागदावर मेलेल्या माणसाचे आईवडील असतात, म्हणजे कोणी १८६० मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलं असेल तर एका कागदात तुम्ही थेट अठराव्या शतकात जाता. फक्त शेवटच्या कॉलममध्ये माहिती कोणी दिली ते बघा, मुलाने आजीचं नाव सांगितलंय की शेजाऱ्याने, यावर विश्वास किती ठेवायचा ते ठरतं. विवाहित बाईचा मृत्यू माहेर आणि सासर दोन्ही आडनावांखाली इंडेक्समध्ये असतो, तेव्हा दोन्हीकडे शोधा, दोन्ही यादीत तीच नोंद दिसली की ती बाई पक्की.

आणि १८५५ हे एकच वर्ष वेगळं धरा. त्या वर्षी फॉर्म इतका लांबलचक होता की जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, जन्मगावं, लग्नाची तारीख आणि ठिकाण, आधीची मुलं किती असं सगळं लिहिलंय. लिहिणारे वैतागले म्हणून १८५६ पासून ते कापलं, आईवडिलांच्या लग्नाची तारीख तेवढी १८६१ पासून परत आली. त्यामुळे तुमचा पूर्वज १८५२ चा असला तरी त्याचं एखादं भावंड १८५५ मध्ये जन्मलंय किंवा वारलंय का ते शोधा, तो कागद कितीही पैशांना स्वस्त आहे.

लग्नाच्या कागदावर 'घोषणेने, साक्षीदारांसमोर, शेरीफच्या (म्हणजे तिथल्या न्यायाधीशाच्या) वॉरंटने नोंद' अशा अर्थाचं काही दिसलं तर दचकू नका. स्कॉटलंडमध्ये १९४० पर्यंत दोन साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको म्हटलं की लग्न कायदेशीर होतं, इंग्लंडच्या सरहद्दीवरचं ग्रेटना ग्रीन हे गाव प्रसिद्ध झालं ते यामुळेच, पण ग्लासगो-एडिंबराच्या वकिलांच्या ऑफिसातही अशी लग्नं भरपूर लागली.

सर्टिफिकेटांना जोड सेन्ससची म्हणजे जनगणनेची द्या. १८४१ पासून दर दहा वर्षांनी, सध्या १९२१ पर्यंतचे बघता येतात. १८४१ च्या सेन्ससमध्ये पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ दिसेल, आणि जन्म त्याच काउंटीत की बाहेर एवढंच कळतं. १८५१ पासून मात्र जन्माचा पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग लिहिलेला असतो आणि तो पॅरिशच पुढच्या पायरीची किल्ली आहे.

ती पायरी म्हणजे १८५५ च्या आधीची, चर्च ऑफ स्कॉटलंडची ओल्ड पॅरिश रजिस्टर्स. सगळ्यात जुनं रजिस्टर पर्थशरमधल्या एरल गावचं, १५५३ चं, पण म्हणून सगळीकडे तितकं मागे जाता येईल असं नाही, हायलँड्स आणि बेटांवर बऱ्याच ठिकाणी नोंदी फार उशिरा सुरू होतात. इथे जन्म नाही बाप्तिस्मा असतो, लग्न नाही लग्नाची जाहीर घोषणा असते, दफनाच्या नोंदी तर विस्कळीतच. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरीब लोकांनी नोंदच केली नाही. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि फ्री चर्च निघालं, त्यानंतरच्या मुलांच्या नोंदी या रजिस्टरात न सापडणं अगदी साहजिक. कॅथलिक असतील, म्हणजे ग्लासगोतले आयरिश मुळाचे बरेच जण, तर त्यांची रजिस्टरं वेगळी, तीही त्याच साइटवर आहेत.

मुलांच्या नावांचा क्रम इथे फार उपयोगी पडतो. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायचे तसंच, फक्त जास्त शिस्तीत, थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा खुद्द वडिलांच्या, आणि मुलींमध्ये थोरली आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, तिसरी आईच्या. सगळ्यांनी पाळलं असं नाही, त्यामुळे हा पुरावा नाही, पण शोध कुठे करायचा ते यातून कळतं. नावं बदलतात हेही लक्षात ठेवा, जेनेट हीच जेसी असू शकते, एल्सपेथ पुढच्या सेन्ससमध्ये एलिझाबेथ होते, गेलिक या हायलँड्सच्या भाषेतला डॉनल्ड इंग्रजी कारकुनाने डॅनियल केलेला असतो, आणि मॅक कधी पूर्ण, कधी अर्धा, कधी गायबच. बॅन्फशरच्या कोळी गावांमध्ये तर अख्खं गाव दोन-तीन आडनावांचं, म्हणून प्रत्येक घराला टी-नेम म्हणजे जास्तीचं टोपणनाव असायचं आणि ते रजिस्टरातही लिहिलेलं सापडतं.

बापाचं नावच नाही अशी जन्मनोंद आली तर तिथे हात टेकू नका. चर्चच्या पंचांच्या म्हणजे कर्क सेशनच्या वह्या बघा, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला तिथे बोलावून बाप कोण विचारायचे आणि उत्तर लिहून ठेवायचे. वाचताना तिच्याबद्दल फार वाईट वाटतं, पण तिचं म्हणणं जिथे उरलंय अशी ती कधीकधी एकच जागा असते. या वह्या स्कॉटलंड्सपीपलवर लॉगिन करून फुकट चाळता येतात, नावाने शोधायची सोय सगळीकडे नाही, पानं उलटावी लागतात. १८५५ नंतरचं असेल तर जन्मनोंदीच्या मार्जिनमध्ये दुरुस्ती रजिस्टरचा उल्लेख आहे का बघा, कोर्टाने ठरवलेला बाप तिथे सापडतो. ग्लासगोतलं गरीब कुटुंब असेल तर मिचेल लायब्ररीतले गरिबांच्या मदतीचे अर्ज बघाच, एका अर्जात नवरा, मुलं, आईवडील, आयर्लंडमधलं मूळ गाव, आधीचे पत्ते असं सगळं असतं. शेताचं किंवा वाडीचं नाव मिळालं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने नकाशे उघडा, फुकट आहेत, आणि दोन कुटुंबं शेजारी राहत होती हे नकाशावर दिसलं की लग्न कसं जुळलं तेही कळतं.

आता डीएनए. कंपनी टक्केवारीचा रंगीत नकाशा पाठवते, तो बघा आणि विसरा, कंपनीने डेटा बदलला की टक्केही बदलतात. खरा माल मॅचेसच्या, म्हणजे ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो अशा लोकांच्या यादीत असतो. सुरुवात ऑटोसोमल टेस्टने, म्हणजे आई-वडील दोन्हीकडचे नातेवाईक दाखवणाऱ्या टेस्टने करा आणि ती स्वतःच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, कारण दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. सख्खी चुलत-मावस भावंडं साधारण ८७० सेंटीमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) शेअर करतात, पणजोबा एक असलेली सरासरी २३० च्या आसपास, खापरपणजोबा एक असलेली ७० च्या आसपास, आणि या शेवटच्यांपैकी दहात एक जण मॅच म्हणून दिसतच नाही. आकडे एकमेकांत मिसळतात, डीएनए पेंटर साइटवर आकडा टाकला की कुठकुठली नाती शक्य आहेत ते दिसतं. लुइस, बारा, ऑर्कनी अशा बेटांवरचं कुटुंब असेल तर लोक पिढ्यानपिढ्या आपसात लग्नं करत आलेत, तिथे आकडा फुगतो, नातं वाटतं त्यापेक्षा लांबचं असतं. फक्त वडिलांच्या वडिलांची रेघ हवी असेल तर वाय-डीएनए, त्यासाठी फॅमिलीट्रीडीएनएवर आडनावांचे प्रोजेक्ट आहेत, आणि मॅकग्रेगरसारख्या गुंत्यात तोच कामाला येतो.

आईच्या आईच्या आईची रेघ मायटोकॉन्ड्रियल डीएनए दाखवतो, आणि यात मुंबई इलाख्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. अ‍ॅबरडीनशरचा थिओडोर फोर्ब्स सुरतेत व्यापारात होता, एलायझा केवार्क तिथे त्याच्या घरी राहायची, १८१२ मध्ये त्यांना कॅथरीन झाली आणि लहानपणीच तिला स्कॉटलंडला पाठवलं. एलायझा भारतातच राहिली. कॅथरीनच्या लेकीच्या लेकी अशी ती रेघ प्रिन्सेस डायनापर्यंत जाते. घरच्यांच्या सांगण्यात एलायझा आर्मेनियन होती, पण २०१३ मध्ये त्या रेघेतल्या बायकांच्या वंशजांची टेस्ट जाहीर झाली तेव्हा आर३०बी हा गट निघाला, जो दक्षिण आशियात सापडतो.

एलायझाचं नाव तरी उरलंय. मुंबई इलाख्यात स्कॉटिश सैनिक, कारकून, व्यापारी यांना इथल्या बायकांपासून झालेल्या मुलांच्या बाप्तिस्म्यात आईचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, जिचा देश तिचीच नोंद नाही. तुमच्या कुटुंबात असा धागा असेल, किंवा तुम्ही अँग्लो-इंडियन कुटुंबातले असून बाप स्कॉटिश होता एवढंच माहीत असेल, तर ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ ही मुंबईची मालिका बघा, बाप्तिस्मा, लग्न, दफन तिन्ही आहेत. ब्रिटिश काळातल्या भारतातली कुटुंबं शोधणाऱ्यांच्या फिबिस या संस्थेचा डेटाबेस फुकट आहे, तिथून सुरुवात करा, मूळ पानं फाइंडमायपास्ट या साइटवर पैसे भरून दिसतात. मुंबईत काळा घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चला, स्कॉट्स कर्कला, १८१९ पासूनचा इतिहास आहे. सैनिक असेल तर राजाच्या रेजिमेंटचा की ईस्ट इंडिया कंपनीचा हे आधी ठरवा, असईला लढलेल्या ७८ व्या हायलँडर्ससारख्या रेजिमेंटचे कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि कंपनीच्या सैनिकांचे इंडिया ऑफिसकडे.

टेस्ट करण्याआधी घरच्यांना स्पष्ट विचारा, की वडील वेगळे निघाले, एखादं दत्तक दिलेलं मूल सापडलं तर ऐकायची तयारी आहे का. नाही म्हणाले तर नाही. जिवंत माणसांची नावं ऑनलाइन वंशवृक्षाच्या झाडावर लपवून ठेवा. मॅचला मेसेज लिहिताना अख्खा वंश ओतू नका, दोन आडनावं, एक पॅरिश, एक दशक आणि तुम्हाला काय हवंय ते, एवढंच.

मॅच कोण हे कळायला त्यांच्या झाडात वरून खाली, अगदी १९६०-७० पर्यंत यावं लागतं आणि नेमकी तिथेच ऑनलाइनची १००-७५-५० ची मर्यादा आडवी येते. त्यासाठी एडिंबराला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउसमध्ये स्कॉटलंड्सपीपलचं सेंटर आहे, दिवसाची फी भरली की अलीकडच्या नोंदीही स्क्रीनवर हव्या तितक्या बघता येतात. जागा आधी बुक करा, शोधायच्या नावांची यादी घरूनच महत्त्वाच्या क्रमाने लिहून न्या, सोबत पेन्सिल ठेवा आणि बघितलेल्या प्रत्येक नोंदीचं वर्ष, जिल्हा क्रमांक आणि एंट्री नंबर तिथल्या तिथे उतरवून घ्या.