या चुका टाळा : काम चोख, पण वरपर्यंत पोहोचतच नाही

वर्षभर मान मोडून काम करायचं आणि अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, फॉर्ममध्ये लिहायचं काय, तर ‘रिपोर्ट बनवले, क्लायंटशी समन्वय ठेवला, टीमला मदत केली.’ ही तर नेमून दिलेल्या कामांची यादी झाली. त्या खुर्चीवर दुसरं कुणी असतं, तरी त्यानं हेच लिहिलं असतं. त्याऐवजी असं लिहून पाहा : ‘महिनाअखेरच्या रिपोर्टला ३ दिवस लागायचे. दोन याद्या हातानं जुळवाव्या लागत, ते काम मी फॉर्म्युल्यावर टाकलं. आता रिपोर्ट अर्ध्या दिवसात निघतो.’

‘आमच्या कामात आकडे नसतात,’ असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. तीच तक्रार किती वेळा परत आली, मंजुरीला किती दिवस लागले, किती काम पुन्हा करावं लागलं, हे मोजता येतंच. फक्त आकडा फुगवू नका. ‘हा कसा काढला?’ या प्रश्नापुढे तो टिकला पाहिजे.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो काही बिघडू न देणाऱ्यांवर. सिस्टीम बंद पडली नाही, ऑडिटमध्ये शेरा आला नाही, मग कुणाला काय दिसणार? असं काम त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये कळवा : ‘बॅकअप तपासला, फाइल उघडत नव्हती. दुरुस्त करून पुन्हा चाचणी घेतली.’ सहा महिन्यांनी सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

आपल्याच तोंडानं आपली स्तुती कशी करायची, या संकोचापायी सगळं ‘आम्ही केलं’मध्ये विरघळून जातं. टीमचं श्रेय टीमला द्याच, पण त्यातला आपला वाटाही नेमका सांगा. वरिष्ठ तुमची बाजू मांडतात त्या बैठकीला तुम्ही नसता. तिथे त्यांना आठवतील अशी दोन वाक्यं तुम्हीच त्यांच्या हाती द्यायची असतात. आणि ती वेळेवर द्या. बऱ्याच ठिकाणी बढत्यांची नावं आणि वाढीचं बजेट अप्रेझलच्या मीटिंगआधीच ठरत आलेलं असतं. तीन-चार महिने आधी विषय काढा.

यासाठी दर शुक्रवारी १० मिनिटं नोंदी लिहायला ठेवा. नाहीतर शेवटच्या दोन महिन्यांपलीकडचं तुम्हालाही आठवत नाही, वरिष्ठांनाही नाही. नोंदवहीत कंपनीचा गोपनीय डेटा मात्र नको.

पगारवाढ मागताना घराचा हप्ता किंवा शेजारच्या टेबलावरच्याचा पगार मध्ये आणू नका. बोलणं तुमच्या कामावरून भलतीकडेच जातं.

नकार आलाच, तर ‘बरं’ म्हणून उठू नका. विचारा, ‘पुढच्या पदाचं कोणतं काम माझ्याकडून दिसायला हवं? आणि कधीपर्यंत?’ जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा. पुढचं बोलणं तिथूनच सुरू करता येतं.