जुन्या स्विंग टूलला नवं रूप देताना मी कुठे अडकले

थीम बदलली की टूल नवं दिसतं, हे खरं. पण दहा-बारा वर्षांचं डेस्कटॉप टूल तुमच्या हाती देऊन ‘यूआय जरा मॉडर्न करा’ एवढंच सांगितलं असेल, तर थीमपाशी थांबू नका. मी थांबले होते आणि त्यात माझे दोन महिने गेले.

मी गुहागर तालुक्यातली, धोपाव्याच्या बाजूची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. टूल आमच्याच डेव्हलपरांसाठीचं आहे: डावीकडे प्रोजेक्टचं ट्री, मध्ये क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा, एडिटर, खाली निकालाचं टेबल. स्विंग म्हणजे जावा भाषेत खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी. ती १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आली आणि आमचं टूल दिसायलाही त्याच काळातलं होतं. मी फ्लॅटलाफ ही स्विंगची तयार थीम लावली. एक जार फाइल, मेनमध्ये एक ओळ, की सपाट बटणं आणि गडद रंग तयार. डेमोला सगळे खूश होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “नवीन टूल अडकतं, जुनं बरं होतं.” तो वाचून मी पडवीत जाऊन बसले. पाऊस लागला होता. हे काम आपल्याला झेपणारं नाही, असं तेव्हा मला पक्कं वाटलं.

खरं तर जुनं टूलही तेवढंच थांबायचं. पण त्यात फक्त कर्सर बदलायचा आणि लोकांना त्याची सवय होती. मी ‘लोड होत आहे’चं फिरतं चक्र घातलं आणि क्वेरी सुरू होताच ते अर्ध्यात गोठलं. टूल मेलं असं समजून लोक टास्क मॅनेजरमधून ते बंद करायचे. न साठवलेल्या क्वेऱ्या त्यातच जायच्या.

स्विंगमध्ये खिडकी रंगवणं, क्लिक, कीबोर्ड हे सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, चालतं. त्याला इव्हेंट डिस्पॅच थ्रेड म्हणतात, म्हणजे ईडीटी. दाभोळ-धोपावे फेरीबोट डोळ्यांसमोर आणा आणि बोट एकच आहे असं धरा. जेटीवर गाड्यांची रांग लागलीय आणि पहिल्याच गाडीवाल्याने बोट चालवणाऱ्याला बाजारातून सामान आणायला पाठवलं, तर मागची दुचाकीसुद्धा हलणार नाही. बटणाच्या लिसनरमध्ये, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, थेट क्वेरी चालवली की हेच होतं. चक्राचं पुढचं चित्र काढायचं कामही त्याच रांगेत उभं असतं.

यावर उपाय स्विंगवर्करचा: तो लांबणारं काम दुसऱ्या थ्रेडवर करतो आणि जावा ६ पासून जावातच आहे. एवढं तुम्हाला ठाऊक असेल. मलाही होतं. मी तो लावला आणि टूल तरी गोठलं! कारण काम सुरू करणाऱ्या ‘एक्झिक्यूट’च्या खालच्याच ओळीत मी ‘गेट’ लिहिलं होतं. उत्तर येईपर्यंत ‘गेट’ थांबून राहतं, आणि मी त्याला ईडीटीवरच थांबवलं होतं. म्हणजे सामान आणायला दुसरा माणूस धाडला, पण तो परत येईपर्यंत बोट बांधूनच ठेवली.

‘गेट’ची जागा ‘डन’मध्ये. काम संपल्यावर ‘डन’ ईडीटीवर चालतं, म्हणून तिथे थांबावं लागत नाही. आणि तिथे ‘गेट’ लिहाच, टाळू नका. दुसऱ्या थ्रेडवर चालणाऱ्या ‘डूइनबॅकग्राउंड’मधला एक्सेप्शन, म्हणजे तिथे झालेली चूक, ‘गेट’ केल्याशिवाय वर येतच नाही. माझा डेटाबेसचा पासवर्ड चुकला होता आणि मी दोन दिवस रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. उलट चूकही करू नका: ‘डूइनबॅकग्राउंड’मधून टेबलाला हात लावायचा नाही. दहादा चालेल, अकराव्यांदा ओळी गायब होतील. मधले निकाल दाखवायचे तर ‘पब्लिश’ आणि ‘प्रोसेस’ आहेत.

एका सीनियरने मला सगळंच इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेबच्या तंत्रावर डेस्कटॉप टूल बनवायच्या साधनात, नव्याने लिहायला सांगितलं होतं. नवख्याला असा सल्ला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या बोटांत बसलेले शॉर्टकट आधी हरवतात आणि शिव्या नवख्याच्या वाट्याला येतात. मला वाट दाखवली ती टीममधल्या एका ताईंनी. त्यांनी कोडला हात लावला नाही. “टूल गोठलेलं असतानाच जेस्टॅक चालव आणि एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू नावाचा थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते वाच,” एवढंच म्हणाल्या. जेस्टॅक हे प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते छापणारं जावाचं साधन, आणि तो थ्रेड म्हणजेच ईडीटी. कीबोर्ड ओढून घेऊन स्वतः दुरुस्त करणाऱ्याकडून मी तरी काही शिकले नाही.

बाकीचं थोडक्यात. जुनी छोटी चिन्हं १५० टक्के स्केलिंगवर धूसर दिसतात, ती एसव्हीजीत, म्हणजे मोठं केलं तरी न फुटणाऱ्या चित्रप्रकारात, घ्या. टेबलाचा फाँट वाढवला तरी ओळीची उंची आपोआप वाढत नाही. मराठी डेटा असेल तर वेलांट्या आणि उकार कापले जातात, म्हणून उंची फाँटमेट्रिक्सवरून, म्हणजे फाँटच्या प्रत्यक्ष मापांवरून, ठरवा. मेनूंच्या जागा शक्यतो हलवू नका. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ या कोड लिहायच्या टूलमध्ये मेनूची नावं नुसती कॅपिटल अक्षरांत केली, तरी लोकांनी तक्रारी केल्या होत्या.

घाबरू मात्र नका. ‘डूइनबॅकग्राउंड’मध्ये मुद्दाम पाच सेकंदांचा ‘स्लीप’ घाला, तेवढ्यात खिडकी ओढून पाहा, मेनू उघडून पाहा. चक्र फिरत राहिलं तर ते बटण झालं, पुढचं घ्या. माझ्या टूलमध्ये असे खिडकी अडवणारे चौदा लिसनर निघाले. लाईट जायची तेव्हा पुढच्याची मांडणी वहीत करून ठेवायचे. जूनअखेर सुरुवात केली आणि गणपतीला चाकरमानी घरी आले तेव्हा एकच उरला होता.