संतांच्या मूर्ती: जुनी जपताना आणि नवी घडवून घेताना

सण जवळ आला की चर्चची साफसफाई, मंडप आणि रोषणाई यांच्या यादीत ‘मूर्तीला रंग’ हे कामही कोणी न सांगता लिहिले जाते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर खारट हवेने आणि किडीने जुन्या लाकडी मूर्तींचे पुष्कळ नुकसान केले आहे, पण या हौशी रंगकामाचा वाटाही त्यात लहान नाही. पोर्तुगीज काळातील पद्धतीने घडवलेल्या मूर्तीत कोरीव लाकडावर सरस आणि खडूचे पातळ थर देत, त्यावर लाल मातीचा लेप आणि मग सोन्याचा वर्ख चढवत. वर्ख अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून चकाकवला की त्यावर रंग लावत आणि तो ओला-सुका असतानाच अणकुचीदार काडीने ओरखडून खालचे सोने वेलबुट्टीच्या रूपात उघडे करत. संताच्या झग्यावर जे जरीकाम दिसते, ते असे तयार झालेले असते. चेहरा आणि हात यांना तैलरंगाच्या अनेक छटा, काही ठिकाणी काचेचे डोळे, काही मूर्तींत तर हस्तिदंताचा चेहरा. डब्यातल्या ऑइल पेंटचा एक हात हे सगळे एका दिवसात झाकून टाकतो, आणि तो पुढे उतरवायचा तर तज्ज्ञाला महिनोन्‌महिने भिंगाखाली बसावे लागते.

जुन्या मूर्तीपासून सुरुवात

पहिले काम परवानगीचे. कॅथलिक चर्चच्या कायद्याचे (कॅनन लॉ) 1189 वे कलम स्पष्ट आहे: प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या आणि चर्चमध्ये वा प्रार्थनालयात भाविकांसमोर ठेवलेल्या मूर्तीची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनी जाणकारांचा सल्ला घ्यायचा असतो. ही अट तांत्रिक वाटू शकते. पण स्पेनमधील नावार प्रांतातल्या एस्तेया गावी 2018 साली जे घडले, ते पाहिले की तिची गरज पटते. तेथील चर्चमधील सोळाव्या शतकातील संत जॉर्ज यांच्या लाकडी मूर्तीला स्थानिक पातळीवर सपाट, भडक रंग देण्यात आले; जगभर हसे झाले आणि पुढच्या वर्षी ते रंग काढून मूर्ती शक्य तितकी पूर्ववत करण्यासाठी सुमारे 30 हजार युरो खर्च आला. मूळचा काही रंग मात्र कायमचा गेला.

परवानगीच्या अर्जासोबत मूर्तीचा अहवाल जोडावा. चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी. नंतर खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश बाजूने, अगदी तिरकस पाडावा. सुटू लागलेले पापुद्रे, जुनी भर आणि तडे यांच्या सावल्या त्यात उठून दिसतात, जे समोरून पाहताना कळत नाही. मूर्ती लाकडाची आहे, प्लॅस्टरची की सिमेंटची, हे तळाच्या न रंगवलेल्या भागावरून समजते. जन्म-मृत्यूच्या नोंदींइतकेच चर्चच्या हिशेबाच्या जुन्या वह्यांकडेही लक्ष द्यावे. कोणत्या साली कोणी रंग दिला, हात कधी बसवला, असे तपशील बहुधा तिथेच मिळतात.

या टप्प्यावर धर्मग्रामाने (पॅरिशने) स्वतः करण्याजोगे काम एवढेच: कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने धूळ हलकेच झाडणे, आणि तेही रंग घट्ट असेल तिथेच. ओले फडके, साबण, खोबरेल तेल आणि फर्निचरचे पॉलिश या चारही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याने धुळीबरोबर सोनेही निघून येते. गळून पडलेला रंगाचा तुकडा केराच्या टोपलीत न टाकता कागदात बांधून, कुठे सापडला ते लिहून ठेवावा. मेणबत्त्यांची काजळी पाहून हात शिवशिवतात हे खरे. पण ती काढण्यासाठी कोणते द्रावण चालेल, हे तज्ज्ञ मूर्तीच्या मागील बाजूस नखाएवढ्या जागेवर करून पाहतात, आणि गंमत म्हणजे त्यांच्या नेहमीच्या साधनांत कापसाच्या बोळ्यावरची लाळही असते, कारण तिच्यातील विकरे (एन्झाइम) मळ हळुवार सोडवतात.

किडीची शंका असेल तर मूर्तीखाली काळा कागद अंथरावा. काही दिवसांत त्यावर ताजा, फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोके घाबरण्याचे कारण नव्हे. अशा वेळी कीटकनाशकाची फवारणी थेट रंगावर होऊ देऊ नये. मूर्ती हवाबंद पिशवीत ठेवून आतील प्राणवायू काढून घेण्याची पद्धत रंगाला निर्धोक असते. तिला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून सणाच्या तोंडावर हे काम काढू नये. वाळवी मात्र भिंतीतून येते, तेव्हा उपचार वेदीच्या पायापासून आणि भिंतीपासून करायला हवा. गळके छप्पर तसेच ठेवून मूर्तीवर पैसे घालणे व्यर्थ आहे.

प्रत्यक्ष दुरुस्तीत एकच कसोटी लावावी: आज जे केले, ते उद्या काढता येईल का? सुटलेला रंग चिकटवण्यासाठी, तडे भरण्यासाठी आणि उणीव रंगवण्यासाठी तज्ज्ञ अशीच द्रव्ये वापरतात, आणि नवा रंग फक्त गेलेल्या जागेपुरता लावतात. तुटलेले बोट एपॉक्सीने चिकटवले तर ते घट्ट बसते, पण पुढे ते उघडायचे तर शेजारचे लाकूडच फुटते. हरवलेला अवयव नव्याने करावा की नाही, हा प्रश्न कलेइतकाच भक्तीचाही आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या मूर्तीचा उजवा हात 1700 च्या सुमारास समुद्री चाच्यांनी तोडला, असे सांगतात. काही जखमा मूर्तीच्या इतिहासाचा भाग होऊन बसतात. माझे मत असे की जुना फोटो हाती असेल तरच हरवलेला हात करावा, अंदाजाने नव्हे.

हस्तिदंत असेल तर दुरुस्तीसाठी नवा हस्तिदंत विकत घेता येत नाही. त्याचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, मग ती केवळ दुरुस्तीसाठी का असेना. सल्ल्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहेत. तत्पूर्वी जुन्या गोव्यातील सांता मोनिका कॉन्व्हेंटमधील ख्रिस्ती कला संग्रहालय हे काम पाहणाऱ्या चर्च समितीच्या सभासदांनी एकदा डोळे भरून पाहून यावे. मूळ रंग म्हणजे काय, हे तिथे न सांगता कळते.

नवी मूर्ती घडवून घेताना

आधी गरज तपासावी. मिस्सासंबंधीच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) सर्वसाधारण सूचनांनुसार चर्चमध्ये प्रतिमांची गर्दी होऊ नये आणि एका संताची सहसा एकच मूर्ती असावी. सार्वजनिक भक्तीसाठी केवळ अधिकृतपणे घोषित संत आणि धन्यवादित (संतपदाच्या आधीच्या पायरीवर पोहोचलेले) यांच्याच मूर्ती चालतात (कलम 1187). ज्यांना धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया अजून सुरू आहे, अशा पूज्य व्यक्तीची तेजोवलयासह मूर्ती वेदीवर बसवता येत नाही, देणगीदार कितीही मोठा असो.

मूर्तिकाराला ‘संत अंतोनी करून द्या’ एवढे सांगून भागत नाही. पादुआचे अंतोनी फ्रान्सिस्कन झग्यात, कमरेला तीन गाठींची दोरी, हाती बाळ येशू, लिली किंवा ग्रंथ असे असतात; वाळवंटातील मठाधीश अंतोनी दाढीवाले वृद्ध, टी आकाराची काठी, घंटा आणि पायाशी डुक्कर यांवरून ओळखू येतात. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर खिळले जाऊन आणि भाल्यांनी भोसकले जाऊन हुतात्मा झाले. ते फ्रान्सिस्कन बंधू होते, धर्मगुरू नव्हते. म्हणून त्यांच्या मूर्तीवर स्टोल (धर्मगुरूंचा गळ्यातील पट्टा) घालणे चूक आहे. क्रूस, भाले आणि हौतात्म्याची ताडाची फांदी ही त्यांची चिन्हे. अशी चिन्हे, पोशाखाचा रंग, वय आणि मुद्रा यांचे एक पान लिहून धर्मगुरूंची सही घ्यावी. दात्याच्या वडिलांशी चेहरा जुळवण्याचा आग्रह होतो, तो याच पानाच्या आधारे नम्रपणे टाळता येतो.

माध्यम जागा पाहून ठरवावे. रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ, उघड्यावर, प्लॅस्टर टिकत नाही. पाऊस ते विरघळवतो आणि आतील लोखंडी सळई गंजून फुगली की मूर्ती फोडते. तिथे संगमरवर, ब्राँझ किंवा चांगले फायबर घ्यावे. आत वेदीवर लाकूड शोभते, पण ते मुरलेले असावे, ओंडक्याच्या अगदी मध्यावरचा गराचा भाग वगळलेला असावा आणि मोठी मूर्ती मागून पोखरलेली असावी. भरीव ओंडका आतून सुकताना हमखास तडकतो. इटलीतील वाल गार्देना खोऱ्यातून कोरीव मूर्ती मागवणारी चर्चेसही आहेत. त्या मूर्ती कोरड्या, थंड हवेतल्या असतात, तेव्हा त्यांच्या पेट्या भर पावसाळ्यात उघडू नयेत.

मिरवणुकीची मूर्ती वेगळी. गोव्यातील गोवा वेल्हा गावी उपासकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत) निघणाऱ्या संतांच्या मिरवणुकीत मूर्ती खांद्यावरून नेल्या जातात. त्या हादऱ्यांना तोंड देण्यासाठी तळाची पकड भक्कम हवी आणि वजनाचा हिशेब आधी करावा. मुरलेल्या सागवानाचे एक घनफूट साधारण 18 ते 20 किलो भरते. पुढे आलेले हात आणि काठ्या काढता-घालता येतील असे सांधे करून घ्यावेत.

मातीचा नमुना तयार झाला की तो पाहायला जाणे सर्वांत महत्त्वाचे, कारण लाकूड कोरल्यानंतर हनुवटी बदलता येत नाही. मूर्ती ज्या उंचीवर बसणार आहे, त्या उंचीवर नमुना ठेवून खाली गुडघे टेकून पाहावे. डोळ्यांसमोर सुरेख वाटणारा चेहरा खालून पाहताना नुसता जबडाच दिसतो, म्हणून जाणता कारागीर डोके किंचित पुढे झुकवतो. करारात चबुतरा सोडून उंची, लाकडाची जात, वर्ख खरा की नकली, नमुना, कोरीव काम व रंग या प्रत्येक टप्प्यावरची मंजुरी आणि त्यानुसार हप्ते लिहावेत. साचा वापरला असेल तर तो कोणाचा, हेही ठरवावे. कारागिराचे नाव आणि साल तळाशी कोरून घ्यावे. दात्याचे नाव हवेच असेल तर ते भिंतीवरच्या पाटीवर.

नवी मूर्ती आली की जुनीचे काय, हा प्रश्न उरतो. लोक ज्या मूर्तीची मोठ्या श्रद्धेने भक्ती करतात, ती रोमच्या (पोपच्या कार्यालयाच्या) परवानगीशिवाय विकता किंवा कायमची हलवता येत नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेली आशीर्वादित मूर्ती कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नये. ती जाळून किंवा चर्चच्या आवारात पुरून टाकण्याची रीत आहे. पण त्याआधी ती जाणकाराला दाखवावी, मुकुट आणि दागिने उतरवून त्यांची नोंद करावी आणि तारखेसह फोटो चर्चच्या दप्तरात ठेवावा.