व्हीलचेअरवरच्या कलाकारासाठी मदतीची मैफल कशी ठरवावी

गावातल्या पेटीवादकाला अपघातानंतर व्हीलचेअर लागते, आणि कोणीतरी म्हणतं, ‘एक कार्यक्रम करूया.’ गोव्यात गायक-वादक शोधायला लांब जावं लागत नाही. फोंडा-डिचोलीकडे तर वाड्यावाड्यावर भजनी मंडळ आहे. घोडं अडतं ते दुसरीकडे.

सुरुवात त्या कलाकाराच्या घरून करा. कार्यक्रम त्याला हवा आहे का, आजारपणाबद्दल किती बोललेलं चालेल, तो स्वतः वाजवणार की नुसता ऐकणार, हे त्यानेच सांगावं. मग गरजांची यादी करा: बॅटरीवरची खुर्ची, उंबऱ्यापाशी रॅम्प, न्हाणीत धरायला दांडे. प्रत्येकाचं कोटेशन घ्या. खुर्ची मापाची लागते, म्हणून फिजिओथेरपिस्टला आधी दाखवा. दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून काही साधनं मिळू शकतात. तो अर्ज आधी करा. लोकांचा पैसा उरलेल्या गोष्टींना लागेल.

आता जागा. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण पायऱ्या मोजा. ‘चौघं मिळून खुर्ची उचलू’ ही तयारी माझ्या मते नकोच. ज्याच्यासाठी मैफल, त्यालाच पालखीसारखं सगळ्यांदेखत वर चढवायचं? रॅम्पचा चढ 1:12 धरतात. म्हणजे 3 फूट उंच मंचाला 36 फूट लांब रॅम्प. इतकी जागा नसेल तर मंच सोडा आणि सभागृहाच्या जमिनीवरच मैफल मांडा. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर किंवा जवळचं रवींद्र भवन घेणार असाल तर प्रेक्षकांच्या दारावर समाधान मानू नका. मागच्या बाजूने मंचापर्यंत आणि टॉयलेटपर्यंत खुर्ची जाते का, ते स्वतः ढकलून पाहा.

कलाकार वाजवणार असेल तर बैठक बदलावी लागते. तो खुर्चीत आणि साथीदार खाली गादीवर, असं झालं की नजरानजर होत नाही, समेवर गडबड होते. सगळ्यांनाच खुर्च्या द्या, तबला भक्कम स्टँडवर ठेवा. पेटीच्या टेबलाखाली गुडघे जायला हवेत. व्हीलचेअरचे हात निघत असतील तर काढा, नाहीतर भाता मारताना कोपर आपटतं. हे सगळं आदल्या दिवशी त्याच खुर्चीत बसवून बघा.

तारीख महाजनांना, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्यांना, विचारून घ्या. चतुर्थी, भजनी सप्ताह, जत्रा आणि जत्रेतलं नाटक यांच्याशी टक्कर झाली तर प्रेक्षकही जातील आणि तबलजीही. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही नको. उघड्या जागेत ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ला तो बंद, म्हणून सहालाच सुरू करा. शाल-श्रीफळ आणि भाषणं मिळून पंधरा मिनिटं. पाहुणे रागावले तर रागावू देत.

साथीदार ‘मानधन नको’ म्हणतील. तरी गाडीभाड्याचं पाकीट द्याच, त्यांचंही पोट कलेवरच आहे. तिकिटापेक्षा देणगी प्रवेशिका गावात बऱ्या खपतात. बाहेर पातळभाजी-पावाचा स्टॉल एखाद्या स्वयंसहाय्य गटाला द्या आणि नफ्याचा वाटा आधीच ठरवा.

पैसे कोणाच्या खाजगी खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेचं खातं वापरा, क्यूआर कोडही त्याचाच. नातेवाईक नसलेल्यांकडून एका व्यक्तीला वर्षात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम गेली तर ती करपात्र ठरू शकते, तेव्हा सीएला एकदा विचारा. वस्तूंची बिलं संस्थेनेच थेट दुकानदाराला भागवलेली बरी.

आठवड्याभरात जमा-खर्च बिलांसकट देवळाच्या किंवा क्लबाच्या फलकावर लावा. पैसे उरले तर वाटून टाकू नका. खुर्चीची बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, ते त्यासाठी राखून ठेवा.